पंप खोलण्याआधी टाकीचे झाकण उघडा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट यांविषयी लिहितो. या खेपेस जुन्या डिझेल पिकअपविषयी लिहिणार आहोत. "साहेब मिस्त्री कधीपासून झाले?" असे चुडाव्याच्या हॉटेलवर कोणीतरी म्हणणारच. आम्ही मिस्त्री नाही. आमच्याजवळ कृषी पदविका आहे आणि गटात फिरून फिरून आलेला थोडाफार अनुभव आहे. पण एका टोपणाएवढ्या वस्तूपायी एका सभासद मावशीची एक एकराची लागण कशी बसली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यात आमचीही चूक आहे. म्हणून लिहिणे भाग आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सुरू लागणीचे शेवटचे दिवस. चुडावा गटातल्या या मावशींचे रान तयार होते, सऱ्या पाडून झाल्या होत्या आणि पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याची पाळी त्यांच्या चारीला दुसऱ्याच दिवशी होती. पाच फूट बाय दोन फूट अंतराने एकरी ४,३५६ रोपे बसतात. नांग्या भरण्यासाठी थोडी जास्त धरून १०५ ट्रे, म्हणजे ४,४१० रोपे, वसमतकडच्या रोपवाटिकेतून आमच्या विभागाच्या जुन्या पिकअपने निघाली. गाडी पूर्णा ओलांडेपर्यंत झकास आली. चुडाव्याच्या अलीकडे तिने ओढ सोडली. दोन आचके दिले अन् रस्त्याच्या कडेला बंद. ड्रायव्हर मामांनी पंधरावीस मिनिटे वाट पाहिली, स्टार्टर मारला, गाडी चालू. एक-दीड किलोमीटर गेली, पुन्हा बंद. असे करत करत सकाळचे नऊचे दुपारचे दोन वाजले. रोपांवर कापड होते, पण उभ्या गाडीत ऊन सगळे त्यांच्याच डोक्यावर. निम्म्याहून जास्त रोपांनी माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आले आणि गेले. कालव्याची पाळी कोणाच्या गाडीसाठी थांबत नसते.

आता यातली आमची चूक सांगतो. ही गाडी आदल्या दोन महिन्यांत तीनदा अशीच बंद पडली होती. पहिल्यांदा डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा नोझल काढून सर्व्हिस केले. तिसऱ्यांदा एका ठिकाणी पंप उतरवून कॅलिब्रेशन करून आणला. त्या बिलाच्या रकमेत मावशींच्या एकरभर रोपांचे पैसे निघून वर काही उरले असते. दरवेळी गाडी गॅरेजातून ठणठणीत बाहेर यायची आणि दरवेळी आम्ही बिलावर सही करायचो. दोष नेमका कुठे होता आणि तो कशावरून कळला, एवढे विचारण्याची बुद्धी आम्हांला एकदाही झाली नाही.

दुपारी दोन वाजता जवळच्या वस्तीवरून एक म्हातारे गृहस्थ आले. एके काळी विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करीत असत. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. सरळ टाकीपाशी गेले आणि म्हणाले, "मामा, टोपन फिरवा बरं जरा." मामांनी झाकण फिरवले तसा सुस्स करून आवाज झाला, हवा आत ओढल्याचा. "झालं. चालवा आता." झाकण नुसते टेकवून ठेवले आणि गाडी चुडाव्यात न थांबता पोचली.

कारण साधे होते. मूळ झाकण मामांकडून कुठेतरी हरवले होते. दुसऱ्या गाडीचे झाकण बसेना, म्हणून ट्यूबचे रबर कापून आणि वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळून ते घट्ट केले होते. डिझेल सांडू नये हा हेतू चांगलाच. पण टाकीतून जेवढे डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते आणि त्यासाठी मूळ झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. ती वाट बंद झाली की टाकीत पोकळी तयार होते. फीड पंप ओढतो आणि टाकी मागे खेचते. शेवटी इंजिन उपाशी राहते. गाडी थोडी उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा झिरपते, पोकळी भरते, आणि गाडी पुन्हा चालू.

इथे एक गंमत आहे, ती समजून घ्यावी. टाकी काठोकाठ भरलेली असली तर वर हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर जोर धरते. टाकी निम्मी असली तर तीच गाडी कितीतरी जास्त चालते. आम्ही त्या सकाळी मुद्दाम टाकी फुल्ल केली होती! मामा बिचारे डिझेलला दोष देत होते, आम्ही उन्हाला. आणि गॅरेजात काय व्हायचे? मिस्त्री डिझेल पाहायला पहिल्यांदा झाकण उघडायचा, तिथेच दोष पळून जायचा. शिवाय ट्रायलला टाकीत डिझेल जेमतेम. गाडी पळणारच.

आमच्या मते हा एकट्या झाकणाचा प्रश्न नाही. आपल्याकडे टाटा ४०७, महिंद्राच्या जुन्या पिकअप, कुठे एखादा टेम्पो मॅटाडोर अजून बेणे, रोपे, खत आणि मजूर वाहतो आहे. नवी गाडी घ्यायची तर हप्ता मानेवर बसतो. तेव्हा जुनी गाडी नीट चालवणे हा शेतीखर्चाचाच भाग आहे. पण ती बंद पडली की आपण थेट पंपाला हात घालतो. पंप सगळ्यांत महाग आणि खोलायला सगळ्यांत नाजूक, आणि आपण सुरुवात तिथून करतो. विहिरीवरची मोटार पाणी उचलेना तर आपण आधी मोटारीचे वाइंडिंग जाळले का पाहतो, की फुटव्हॉल्व्ह आणि सक्शन पाइप पाहतो? ज्याच्या घरी विहीर आहे त्याला हे शिकवावे लागत नाही.

डिझेलची वाट ठिबकसारखीच आहे. टाकी म्हणजे विहीर, फीड पंप म्हणजे मोटार, फिल्टर तो फिल्टर, आणि नोझल म्हणजे ड्रिपर. फरक एवढाच की जुन्या इंजिनात नोझल उघडायला त्याच्या जातीप्रमाणे शंभर ते अडीचशे बार दाब लागतो आणि तो दाब इंजेक्शन पंप देतो. डिझेल दाबले जात नाही, म्हणून ते नोझल उघडते. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंप तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत जोर पोचत नाही. यालाच आपण "हवा धरली" म्हणतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले तेव्हा डिझेल आत फुंकायला हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागत असे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ साली इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने निघू लागले, तेव्हा कुठे हे इंजिन मोटारीत बसण्याजोगे सुटसुटीत झाले. आपल्या मिस्त्री लोकांच्या तोंडी जे 'मायको' नाव आहे ती बंगळूरची कंपनी १९५१ ची, २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. नाव बदलले, पण गावात पंप अजून मायकोचाच! असो.

गाडी बंद पडली की सर्वांत आधी मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहावे. दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही असे धरून चालावे. पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचते आहे, जळत नाही. मग शोध कॉम्प्रेशनचा, हीटर प्लगचा किंवा टायमिंगचा, डिझेलच्या नळ्यांचा नव्हे. काळा धूर असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आमच्या काळ्या मातीच्या धुळीने भरलेला असतो, तो पाहावा. आणि हसू नका, पण इंजिन बंद करायची दोरी अर्धवट ओढलेली राहिली म्हणून गाडी टोचन करून आणल्याचे आम्ही पाहिले आहे. ज्या गाडीत दोरीऐवजी सोलेनॉइड आहे तिथे त्याची वायर सुटली का तेही पाहावे.

डिझेल पोचत नाही असे ठरले, की टाकीकडून पुढे चालत यावे. झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. यास पैसा लागत नाही. मग टाकीतल्या ओढनळीची जाळी. टाकीच्या तळाशी पाणी साचते. निम्म्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ पत्र्याला धरते आणि तळाला उतरते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. तो जाळीला चिकटला की गाडी रिकामी पळते, पण चढाला भार घेऊन मरते. म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत गाडी रात्री उभी करताना टाकी भरलेली असावी. फिल्टरखालचे पाणी काढायचे बटण आठवड्याला सैल करावे. कित्येक गाड्यांत ते बटण कारखान्यातून आल्यापासून कोणी फिरवलेले नसते.

यानंतर येते ते आमच्या अनुभवात सगळ्यांत फसवे दुखणे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ही ओढणारी बाजू. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून आपण म्हणतो गळती नाही. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथे फट असली तर ओल दिसते. म्हणजे जी गळती दिसते ती बरी, न दिसणारी वाईट. सकाळी गाडी स्टार्टर खाते, टाकी भरलेली असली तर पटकन लागते आणि डिझेल खाली गेले की त्रास देते, अशी लक्षणे असली तर ओढनळीवर संशय घ्यावा. रबरी नळी वाकवून तडे पाहावेत, क्लिपा आवळाव्यात. १ एप्रिल २०२० पासून पंपावर जे बीएस-६ डिझेल मिळते त्यात गंधक दहा लाखांत फार तर १० भाग असते, पूर्वीच्या बीएस-४ मध्ये ५० भाग चालत. गंधक काढताना डिझेलातले रबर फुगवून ठेवणारे काही घटकही कमी होतात. जुने कडक झालेले रबर अशा वेळी आक्रसू शकते. रबर स्वस्त आहे, बदलून टाकावे.

खात्री करायची तर दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडणे. इंजिन चालू असताना त्यातून बुडबुडे पळताना दिसले की हवा मागून येते आहे. दुसरी, ज्याला आम्ही सलाईन म्हणतो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनजवळ बांधावा, त्यातून फीड पंपाला नळी द्यावी आणि गाडी चालवावी. दुखणे गेले तर दोष टाकीत किंवा नळीत. राहिले तर फीड पंप, फिल्टर आणि त्यापुढे. पंप उतरवण्याआधी एवढी अर्ध्या तासाची परीक्षा आम्ही घेतली असती तर ते बिल झाले नसते. तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची सवय मात्र सोडावी. घोट छातीत गेला तर दवाखान्याचे काम होते.

हवा काढणे बहुतेकांना येते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताने प्रायमिंग मारत राहायचे, फेस थांबून अखंड धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा. तरी नाही लागली तर नोझलकडच्या एक-दोन नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टर मारायचा. पण हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेल गाडीत हजार बारच्या वर दाब असतो, तिथे नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या गाडीतही नोझलची फवार बोटावर घेऊन पाहू नये. ती कातडीतून आत शिरते, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत बोट सडते.

आमच्या पिकअपचे पुराण झाकणावर संपले नाही. नवे योग्य झाकण बसवले, वाटेत बंद पडणे थांबले, पण सकाळी लागायला खळखळ सुरू झाली, जी पूर्वी नव्हती. शोधले तेव्हा कळले की पंप उतरवून परत चढवताना बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर जुनेच टाकले होते. तांबे एकदा दाबले की कठीण होते, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवे टाकावेत, नाहीच मिळाले तर लाल तापवून मऊ करून घ्यावेत. म्हणजे नको असलेल्या दुरुस्तीने आम्ही एक नवे दुखणे विकत घेतले. आम्हांला वाटते, गॅरेजवाल्यालाच दोष देऊन भागणार नाही. आम्ही "पंप बघा" म्हणून गाडी लावली, त्याने पंप पाहिला. गाडीवाल्याने लक्षणे सांगावीत, रोग सांगू नये. किती चालल्यावर बंद पडते, भारात की रिकामी, टाकी किती भरलेली, धूर कसा, थांबल्यावर लागते का, हे मामांनी कागदावर लिहून दिले असते तर चांगल्या मिस्त्रीने पाच मिनिटांत झाकणाला हात घातला असता. बदललेला जुना भाग परत मागावा, म्हणजे काय बदलले हे तरी कळते. बाटलीतली औषधे टाकीत ओतणे, रॉकेल मिसळणे, रस्त्याकडेच्या बॅरलमधले स्वस्त 'डिझेल' भरणे, हे प्रकार आम्हांला पटत नाहीत. पंपाचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात.

आता मावशींकडे येतो. कारण खरा वाद तिथे आहे.

रोपांची उचल सभासदाच्या नावे पडते आणि ऊसबिलातून वसूल होते. मावशींनी रोपे मागितली, आम्ही दिली, कागदावर ४,४१० रोपे पोच झाली. पोचली खरी, पण कशी पोचली हे पावतीवर लिहायला रकाना नाही. कार्यालयात काही जणांचे म्हणणे असे की, रोपे उतरवून घेतली, अंगठा दिला, व्यवहार पुरा झाला. रोपे लागणीनंतर मेली की आधी हे कोणी ठरवायचे? उद्या प्रत्येकजण म्हणेल गाडीत वाळली. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. हिशेब सांभाळणाऱ्याला असे बोलावेच लागते.

तरी आमचे मत वेगळे आहे, आणि ते आम्ही शेती विभागाला लेखी दिले आहे. गाडी विभागाची, झाकण विभागाचे, तीनदा बंद पडूनही तीच गाडी शेवटच्या आठवड्यात रोपांना लावण्याचा निर्णय आमचा. मग वाटेत मेलेल्या रोपांची वसुली मावशींच्या बिलातून का व्हावी? त्यांचा मुख्य तोटा तर आपण भरून देऊच शकत नाही. पाळी गेली, विकत पाणी घेऊन नांग्या भरल्या, त्यातली रोपे मागे राहिली आणि प्लॉट वरखाली झाला. तोडणीला एकसारखा ऊस मिळणार नाही. आम्ही त्यांच्या बांधावर गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "साहेब, गाडीचं काय, यंत्रच ते. पर पानी गेलं ना," एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर आम्हांला सोपे गेले असते.

आम्ही सुचवले आहे ते असे. रोपांच्या पोच पावतीवर गाडी निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहावी. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास जास्त लागले तर गट कर्मचाऱ्याने शेतावर ट्रे पाहून किती रोपे धडकी आहेत ते सभासदासमक्ष नोंदवावे, आणि वसुली तेवढ्याचीच. रोपांच्या गाड्या पहाटे निघाव्यात. आणि दसऱ्याआधी, हंगामाची गडबड सुरू होण्यापूर्वी, विभागाच्या गाड्यांची व वाहतूक करार केलेल्या जुन्या ट्रॅक्टर-पिकअपची डिझेलवाट एकदा झाकणापासून नोझलपर्यंत पाहून घ्यावी. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा असे आम्ही सभासदांना सांगत असतो. वजन आणि साखर दोन्ही उतरतात. मग वाटेत उभ्या राहिलेल्या गाडीतल्या उसाचे काय? वाहतूकदार म्हणेल पंप गेला, आणि दहापैकी कितीतरी वेळा तो पंप नसेल, नळीची क्लिप असेल.

वसुलीच्या विषयावर निर्णय अजून झालेला नाही. सभासदांचे यावर अनुकूल-प्रतिकूल जे मत असेल ते गट कचेरीत लेखी द्यावे. आमच्या विरुद्ध असले तरी पाठवावे, पुढे नेऊ.

दरम्यान चुडावा गट कचेरीत आम्ही मीटरभर पारदर्शक नळी, दोन मापांच्या क्लिपा, तांब्याच्या वॉशरचा एक डबा आणि पाच लिटरचा स्वच्छ कॅन आणून ठेवला आहे. ज्याची गाडी अडेल त्याने नेावा असा विचार आहे. नेताना वहीत नाव आणि गाडी नंबर लिहावा, दोष कुठे सापडला तेही लिहावे, आणि नळी धुऊन परत आणावी. पहिली नळी गेली ती आलीच नाही, ही दुसरी आहे.